घरगुती टर्बोची स्वस्त ऑईल लाईन : या चुका टाळा

भंगार बाजारातून एखाद्या डिझेल हॅचबॅकचा छोटा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणायचा, लेथवाल्याकडून फ्लँज कापून घेऊन तो जुन्या मारुती ८०० च्या मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांतला धूर एकत्र करणाऱ्या नळकांड्यावर, चढवायचा आणि ७९६ सीसीच्या त्या तीन सिलिंडरी इंजिनाला दम आणायचा, हा उद्योग ऐकणाऱ्याला वाटतो तितका वेडगळ नाही. सुझुकीने १९८७ साली जपानमध्ये आणलेल्या आल्टो वर्क्सचे अवघे ५४३ सीसीचे इंजिन टर्बोच्या जोरावर ६४ अश्वशक्ती देत असे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे अशी बदललेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. खाली जे लिहिले आहे ते खासगी आवारात किंवा ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्यांपुरते आहे.

अशा गाड्यांचे टर्बो मरतात तेव्हा दोष बहुतेक वेळा त्यांना तेल पुरवणाऱ्या हातभर लांबीच्या नळीत किंवा ते तेल परत नेणाऱ्या नळीत सापडतो. लाईन स्वस्तात करू नये असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः ती स्वस्तातच करतो. पण दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न ‘ही नळी किती प्रेशर घेते?’ असा विचारतो आणि तिथेच फसतो. तेलाचा दाब थंड इंजिन सुरू करताना फार तर ६-७ बारपर्यंत जातो, गरम झाल्यावर चालत्या इंजिनात तो ३-४ बारवर स्थिरावतो. एवढा दाब सोसणाऱ्या नळ्या बाजारात शेकड्याने मिळतात. नळीची परीक्षा पाहतात त्या उष्णता, थरथर आणि कचरा या तीन गोष्टी, आणि त्यांच्याबद्दल काउंटरवर कोणी विचारत नाही.

नळी निवडताना होणाऱ्या चुका

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि साध्या बुशच्या टर्बोत तो तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगत असतो. शेजारच्याच टर्बाइनमधून, म्हणजे धुराने फिरणाऱ्या चक्रातून, पेट्रोल इंजिनाचा ८००-९०० अंश सेल्सिअसचा धूर जात असतो. त्यामुळे वंगणाबरोबरच बेअरिंगची उष्णता वाहून नेण्याचे कामही तेलालाच करावे लागते, आणि तेल पोहोचवणारी नळी त्या भट्टीच्या कुशीत राहते.

हायड्रॉलिक होजची टोके क्रिम्प करून (दाबून बसवून) देणारी दुकाने आज तालुक्याच्या गावीही आहेत, आणि घरगुती टर्बोवाल्याला त्यांचाच आधार असतो. तिथे पाव इंची आर-१ होज (आत तारेची एकेरी जाळी असलेली रबरी नळी) हमखास मिळते. तिची क्षमता २२५ बारची असते, त्यामुळे गिऱ्हाईक निर्धास्त होते. मात्र तीच होज सततच्या वापरासाठी साधारण १०० अंशांपर्यंतच गणलेली असते, हे दुकानदार सांगत नाही, कारण जेसीबीच्या किंवा ट्रॅक्टरच्या कामात तो प्रश्न सहसा येत नाही. टर्बोजवळ काही महिन्यांतच आतले रबर कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात आणि निघालेले तुकडे थेट बेअरिंगच्या भोकाकडे जातात. त्याच दुकानात ‘आर-१४ टेफ्लॉन, वरून स्टीलची जाळी’ असे मागावे. ही होज २०० अंशांपर्यंत चालते, मीटरमागे महाग असते, पण आपल्याला लागते ती अर्धा-पाऊण मीटर. काटकसर लांबीत करावी. टेफ्लॉन होजची टोके रबराच्या होजपेक्षा वेगळी असतात. एकाची टोके दुसऱ्याला दाबून बसवली तर टेबलावर ती घट्ट वाटतात आणि गाडीत सटकतात.

दाबाखालच्या हवेसाठी असते ती न्यूमॅटिकची पारदर्शक पीयू (प्लास्टिकची) नळी आणि पुश फिटिंग हा प्रकार मी दोनदा पाहिला आहे. त्याविषयी एवढेच सांगतो की ती नळी उकळत्या पाण्याच्या तापमानाच्या अलीकडेच मऊ पडते. पेट्रोलची रबरी नळी निपलवर चढवून क्लिपने आवळणे हीदेखील याच जातीची चूक आहे : थंडीच्या दिवसांत पहाटे घट्ट तेलाचा पहिला धक्का बसला की नळी निपलवरून निघते. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमधले जेमतेम तीन लिटर तेल बाहेर यायला फार वेळ लागत नाही, आणि ते ज्या मॅनिफोल्डवर पडते तो कधी कधी तापून लाल झालेला असतो. पहिल्या चाचणीच्या वेळी अग्निशामक हाताशी ठेवायचा तो एवढ्यासाठीच.

तांब्याच्या नळीचा मोह मला समजतो. एसी मेकॅनिककडे पाव इंची तांब्याची नळी आणि फ्लेअरचे (नळीचे तोंड पसरवण्याचे) हत्यार दोन्ही असते, काम सुबक दिसते, आणि तांब्याला उष्णतेचे काही वाटत नाही. पण तांबे थरथरीने कडक होत जाते आणि फ्लेअरच्या मानेपाशी त्याला एक केसासारखी चीर जाते. धातूची नळीच हवी असेल तर स्टीलचा ब्रेक पाइप घ्यावा, तो इंजिनाच्या ब्लॉकला दोन ठिकाणी पट्टीने बांधावा आणि इंजिन व टर्बो यांच्यामध्ये वीतभर तरी लवचिक होज ठेवावी. फ्लेअरचा कोनही जुळला पाहिजे. एसी आणि ब्रेकचा फ्लेअर ४५ अंशांचा असतो, एएन (अमेरिकी लष्करी मापाच्या) फिटिंगचा ३७ अंशांचा. हे दोन्ही एकमेकांवर आवळले जातात, पण बसत नाहीत. मग माणूस पान्याला पाइप लावून आणखी आवळतो आणि फ्लेअर चिरतो.

आटे जुळल्यासारखे वाटतात तेव्हा

तेल घ्यायची सोयीची जागा म्हणजे ऑईल प्रेशर स्विचचे भोक. तिथे तेल फिल्टरमधून गाळून आलेले असते, म्हणून ती जागा योग्यच आहे. जपानी वंशाच्या बहुतेक इंजिनांत तिथे एक अष्टमांश इंची निमुळते बीएसपी (ब्रिटिश पाइप मापाचे) आटे असतात : इंचाला २८, कोन ५५ अंश. ऑनलाइन मागवलेली एएन फिटिंग मात्र बहुधा एनपीटी (अमेरिकी पाइप मापाच्या) आट्यांची येते : इंचाला २७, कोन ६० अंश. त्यातच एम १० बाय १ हा मेट्रिक आटाही व्यासाने यांच्या इतका जवळ आहे की नुसत्या डोळ्यांनी तिघांत फरक करणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. चुकीची फिटिंग दोन-तीन फेरे सहज जाते, मग घट्ट होते, आणि बसली असे वाटते. प्रत्यक्षात आटे एकमेकांना खात असतात. आट्यांचे गेज थोडक्या पैशांत मिळते. ते न घेता ब्लॉकमध्ये नवा टॅप मारायची पाळी आली तर त्याचे लोखंडी कीस कुठे जातात, याचा विचार करून पाहावा.

गळती थांबेना म्हणून नळकामाची पांढरी टेप गुंडाळणे ही पुढची पायरी. एका मित्राच्या गाडीतला टर्बो उघडताना बॅटरीच्या उजेडात मी तेलाच्या भोकात डोकावलो, तेव्हा आत दोऱ्यासारखी काहीतरी पांढरी गुंडाळी दिसली. चिमट्याने ओढली तर बोटाच्या पेराएवढी टेप निघाली. शाफ्ट एका बाजूने जांभळा-निळा पडला होता, म्हणजे तिथे तेल पोहोचलेलेच नव्हते. लाल-काळ्या गास्केट सिलिकॉनचेही तसेच : आत पिळवटून आलेला त्याचा मणी सुटतो आणि वाहत जातो. ब्लॉककडच्या निमुळत्या आट्यांना द्रव थ्रेड सीलंट पहिला आटा मोकळा सोडून लावावे. टर्बोकडच्या टोकाला सीलंटच नको. तिथे बँजो बोल्ट (मधून तेल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) आणि दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर एवढे पुरे होते. जुना वॉशर वापरायचाच असेल तर तो गॅसवर लालसर तापवून मऊ करून घ्यावा.

स्विचच्या जागी पितळी टी, टीवर स्विच, त्यावर गेजचा सेन्सर, आणि बाजूला होज अशी उतरंड रचू नये. एवढे वजन त्या बोटभर पितळी मानेवर थरथरत राहिले की मान ब्लॉकच्या पृष्ठालगत तुटते आणि उरलेला तुकडा भोकात राहतो. टी एका पट्टीवर लांब बसवावी आणि ब्लॉकपासून तिच्यापर्यंत छोटी होज आणावी.

भोक केवढे असावे

मोठी लाईन म्हणजे भरपूर तेल, हा समज पूर्णपणे खोटा नसला तरी छोट्या इंजिनाच्या छोट्या पंपाला तो महागात पडतो, कारण गरम इंजिन आयडलवर असताना मोठी लाईन क्रँकच्या बेअरिंगांच्या वाट्याचा दाब पळवते. साध्या बुशच्या लहान टर्बोला ३ ते ४ मिमी आतल्या व्यासाची लाईन पुरते, आणि सहसा वेगळा रेस्ट्रिक्टर (तेलाची वाट अरुंद करणारा तुकडा) लागत नाही. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेल कमी लागते. तिथे साधारण १ मिमी भोकाचा रेस्ट्रिक्टर वापरतात आणि इंजिनाच्या कमाल वेगाला टर्बोच्या तोंडाशी ४०-४५ पीएसआय (सुमारे ३ बार) दाब राहावा असे पाहतात. बॉल बेअरिंगसाठी वाचलेला सल्ला भंगारातल्या बुशच्या टर्बोला लावला, की तो उपाशी मरतो. व्यास १ मिमीचा ४ मिमी झाला तर क्षेत्रफळ सोळापट होते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘थोडासा बारीक’ या शब्दांचा अर्थ कळतो. काही मूळ बँजो बोल्टांच्या आतच बारीक भोक असते. लाईन रुंद केली आणि बोल्ट तोच ठेवला तर काहीच बदलत नाही, म्हणून जुन्या बोल्टच्या भोकात ड्रिलच्या बिटाची शेपटी घालून माप घ्यावे.

परतीच्या नळीचा हिशेब

आता ज्या चुकीसाठी हा लेख लिहायला घेतला त्या चुकीकडे येतो, कारण ती मी स्वतः केली आहे. माझी गाडी आयडलवर दोन मिनिटे उभी राहिली की मागे निळ्या धुराचा पडदा उभा राहायचा. दुरुस्तीवाल्याने ‘सील गेले’ असे निदान केले, टर्बोचे दुरुस्ती किट बदलले, आणि धूर तसाच राहिला. दुसऱ्यांदा किट बदलले, तरीही फरक नाही. मग गाडीखाली आडवे होऊन पाहिले तेव्हा परतीची होज टर्बोतून खाली येऊन, क्रॉसमेंबरला वळसा घालून, पुन्हा दोन बोटे वर चढून चेंबरला मिळत होती. मीच ती तशी नेली होती, कारण तिकडून जागा सोपी होती.

टर्बोत रबरी सील नसते. शाफ्टवर पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, आणि त्या दाबाखालचे तेल अडवण्यासाठी नसतात. आलेले तेल लगेच खाली पडून जाईल या गृहीतावर ती सारी रचना उभी आहे. बाहेर पडणारे तेल ताकावरच्या फेसासारखे हवेने भरलेले असते, त्याच्यामागे पंपाचा दाब नसतो, फक्त स्वतःचे वजन असते. म्हणून ४ मिमीने आलेल्या तेलाला परत जायला किमान १६ मिमीची मोकळी वाट लागते. टर्बोचे तेलाचे तोंड वर आणि परतीचे तोंड खाली, उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत हवे. नळी सतत उतरती हवी. आणि ती चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. पातळीखाली उघडली तर तेल तुंबते आणि रिंगांच्या बाजूने धुरात किंवा इनटेकमध्ये शिरते. चेंबरच्या पत्र्यावर परतीच्या नळीसाठी बॉस (जाड तोंड) वेल्ड करताना चेंबर उतरवूनच करावा आणि बसवण्याआधी गळती कळावी म्हणून त्यात रॉकेल ओतून रात्रभर ठेवावा.

परतीसाठी रेडिएटरची किंवा हीटरची होज वापरू नये, ती तेलाने फुगते. साधी निळी सिलिकॉन होजही तेल पाझरू देते. माझ्या गाडीत शेवटी पंचवीस सेंटिमीटरचा जवळजवळ सरळ स्टील पाइप आणि दोन्ही टोकांना तेलाला टिकणाऱ्या होजचे छोटे तुकडे, एवढ्यावर धूर थांबला. दोन किटांचे पैसे फुकट गेले. निळा धूर दिसला की आधी परतीची नळी पाहावी, मग क्रँककेसचा ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारी वाट) तुंबला आहे का ते पाहावे, कारण चेंबरमध्ये वायूचा दाब साठला तरी तेल खाली उतरत नाही, आणि टर्बो खोलायचा तो सर्वांत शेवटी.

बसवताना आणि चालवताना

होज हॅकसॉने किंवा ग्राइंडरने कापली की आत जाळीचे तारतुकडे आणि भुकटी राहते. तयार लाईनसुद्धा दोन्ही बाजूंनी रॉकेलने धुऊन हवेने फुंकल्याशिवाय बसवू नये. कचरा अडवण्यासाठी मध्ये पेट्रोलचा कागदी फिल्टर घालणारे लोक असतात. थंड घट्ट तेलापुढे तो तुंबतो किंवा फाटतो.

लाईन जोडल्यावर लगेच इंजिन सुरू करू नये. टर्बोच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा, मग कॉइलची वायर काढून, परतीच्या तोंडाशी तेल दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारावा. गेज शक्यतो लाईनच्या टर्बोकडच्या टोकाला असावे, कारण ब्लॉकवरचे गेज मधला अडथळा दाखवत नाही.

बहुतेक छोट्या डिझेल टर्बोंना थंड ठेवणारे पाण्याचे जॅकेट नसते, आणि पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा गरम असतो. जोरात पळवून चावी बंद केली की उभे राहिलेले तेल आत जळून कोळसा होते, आणि तो कोळसा लाईनच्या शेवटच्या दोन इंचांत साठतो. एक-दोन मिनिटे आयडलवर ठेवून मग बंद करावे. लाईन टर्बाइनच्या बाजूने नेऊ नये; नाइलाज असेल तर पत्र्याचा आडोसा आणि उष्णतारोधक स्लीव्ह दोन्ही लावावेत.

पहिल्या गरम फेरीनंतर इंजिन थंड झाले की सगळे जोड पुन्हा तपासावेत, कारण तांब्याचे वॉशर बसतात आणि बोल्ट पाव फेरा ढिला होतो. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावर थेंब दिसला तर पाना उचलण्याआधी तो नेमका कोणत्या जोडाखाली पडला आहे ते पाहून ठेवावे. गाडी हलवल्यानंतर ते कळत नाही.