चिनाराच्या हरुदसाठी बॅग भरताना

काश्मिरी लोक पानगळीच्या ऋतूला ‘हरुद’ म्हणतात. आपल्याकडे शरद म्हणजे धुतलेलं आकाश आणि पाठोपाठ ऑक्टोबरचा उन्हाळा. सह्याद्रीतली झाडं पानं गाळतात ती थंडी सरता सरता, आणि लगेच पळस-पांगारा फुलतो. अख्खं झाड दिवसागणिक रंग बदलताना बघायची आपल्या डोळ्यांना सवय नसते. म्हणून श्रीनगरला जाऊन चिनार या मोठ्या, पानगळीच्या झाडांचे बदलते रंग बघायची आणि त्यांचे फोटो काढायची ही तयारी जरा सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी तारखा. श्रीनगरचे चिनार ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पिवळे पडू लागतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तांबूस, विटकरी होतात. आपली सुट्टी बहुतेक वेळा दिवाळीची, तेव्हा तिकिटांआधी कालनिर्णय उघडा. २०२५सारखी दिवाळी ऑक्टोबरात आली तर बरेच चिनार अजून हिरवे असतात. २०२६ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे मुहूर्त छान जुळतो. श्रीनगरजवळच्या पांपोरची केशराची शेतंही बघायची असतील तर थोडं आधी जा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून जेमतेम दोन-तीन आठवडे ती फुलतात आणि फुलं सकाळीच खुडली जातात. नऊ वाजता आरामात पोचलात तर हाती मोकळे वाफे लागू शकतात.

मग मुक्काम, आणि इथे माझा आग्रह आहे. गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग असं रोज गाडीत बसवणारं पॅकेज घेऊ नका. श्रीनगरातच पाच रात्री राहा, एक झाड निवडा आणि रोज त्याच्याकडे जा. हजरतबल दर्ग्याजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात नसीम बाग आहे. मुघल काळापासूनची ही चिनारांची राई. एकाच रांगेतला एक चिनार लाल झालेला असतो आणि शेजारचा अजून अर्धा हिरवा, हे तिथे पाच दिवस गेल्यावरच नीट दिसतं. ही बाग दल सरोवराच्या पश्चिमेला असल्याने सकाळचं ऊन पाण्यावरून येतं. निशात बाग पूर्वेला, जबरवान डोंगराच्या पायथ्याशी. तिथे सकाळी ऊन उशिरा उतरतं, म्हणून ती दुपारनंतरसाठी ठेवा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचला मावळतो. दिवस लहान असतो, जेवणाच्या वेळा त्याप्रमाणे ठरवा. कोणत्या बागा आणि कोणती ठिकाणं उघडी आहेत, हे निघायच्या आठवड्यात हॉटेलवाल्याला फोन करून विचारा.

सामानात लेन्सचा ढीग नको. एक २४-७० मिमीची आणि दूरचं जवळ आणणारी एक ७०-२०० मिमीची, एवढ्या पुष्कळ होतात. ट्रायपॉड बागेत कामाचा. शिकाऱ्यात, म्हणजे दल सरोवरातल्या हलत्या होडीत, तो निरुपयोगी, तिथे शटर स्पीडच वाढवावा लागतो. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक कमी करणारा फिल्टर, मात्र विसरू नका. पानावर आकाशाची पांढरी चमक असते, तिच्याखाली रंग दडलेला असतो. फिल्टरची रिंग हळूहळू फिरवली की ती चमक उतरते आणि पान आतून रंगतं. पाऊस पडून गेल्यावर हा फरक सर्वांत जास्त दिसतो. फार वाइड लेन्सवर तो लावू नका, आकाश एका बाजूला काळवंडतं.

कॅमेऱ्याची सेटिंग्ज घरीच बदलून निघा. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून केलेला रंगांचा समतोल, तांबडेपणाला चूक समजून तो दुरुस्त करतो. पहिल्या वर्षी निशातमधली माझी एक अख्खी संध्याकाळ अशीच फिकट झाली होती. फोटो रॉमध्ये, म्हणजे रंग नंतर बदलता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये होते म्हणून वाचले. तेव्हापासून मी ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’ लावूनच निघतो. दुसरी गोष्ट, उन्हातली लाल-पिवळी पानं फोटोत सर्वांत आधी जळतात, म्हणजे त्यांचे बारकावे उडून जातात. लाल रंगाचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगळा बघा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेवा. मोबाइलवर काढत असाल तर पानावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा.

थंडीची तयारी दोघांची, तुमची आणि बॅटरीची. पहाटे पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि बॅटरी लवकर मान टाकते. जादाच्या दोन बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या. बाहेरून बुखारीने (खोली तापवणाऱ्या शेगडीने) तापलेल्या खोलीत येताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून आणा, नाहीतर काचेवर दव धरतं. दुसऱ्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. पोस्टपेड घ्या आणि नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. ड्रोन घरीच असू द्या. विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथे आणि जवानांच्या चौक्यांकडे कॅमेरा रोखू नका.

काही गोष्टी मनात भरून न्यायच्या असतात. हरुदमध्ये बायका खराट्याने चिनाराची पानं गोळा करतात, पेटवतात आणि वर पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करतात. हाच कोळसा हिवाळ्यात कांगडीत, म्हणजे उबेसाठी जवळ धरायच्या निखाऱ्यांच्या भांड्यात जातो. त्या धुरात सकाळची किरणं झाडांमधून पट्ट्यापट्ट्यांनी उतरतात. असा फोटो दिसला की हात लगेच कॅमेऱ्याकडे जातो, पण आधी जवळ जा, सलाम करा, विचारा. नको म्हणाल्या तर नको. त्यांच्यासाठी ते घराच्या उबेचं काम आहे.

शेवटच्या सकाळी क्लोज-अपची लेन्स किंवा मोबाइलचा मॅक्रो सोबत असू द्या. तळहाताएवढं, बोटं पसरल्यासारखं एक गळलेलं पान उचला आणि देठाचं टोक बघा. ते टोपीसारखं पोकळ असतं. आता हाताशी येणारी एखादी खालची फांदी शोधा, जिचं पान नुकतंच गेलं आहे. ती टोपी ज्याच्यावर बसलेली होती तो पुढच्या वसंताचा टोकदार डोळा, म्हणजे नव्या पालवीचा कोंब, तिथे तयार असतो. फोकस त्याच्यावर ठेवा, मागे लाल बाग धूसर होऊ द्या.