गड्डे फोडण्याआधी

वळवाचे दोन चांगले पाऊस झाले आणि माती मऊ झाली की कर्दळ, सोनटक्का, गवती चहा यांचे गड्डे फोडायला, म्हणजे तुकडे करून नवी रोपं लावायला घ्यावेत. बेळगावात मला मेअखेरचे दिवस सगळ्यांत सोयीचे वाटतात. खानापूरकडे मृगाचा पाऊस जोर धरायच्या आत उरकलेलं बरं. तिकडे एकदा झोडपायला लागला की ताजी चीर सुकतच नाही, गड्डा कुजतो.

पण कुदळीला हात लावायच्या आधी नवी जागा तयार हवी. एका वर्षी मी आईच्या हातची कर्दळ आधी उपटली आणि मग कुंड्या शोधत फिरलो. मुळं उन्हात उघडी पडली, निम्मी रोपं गेली. त्याची हळहळ अजून आहे. म्हणून खड्डे आदल्या दिवशीच खणून, कुजलेलं शेणखत मिसळून ठेवावेत. खानापूरच्या तांबड्या मातीत पाणी टिकत नाही, तिथं खत जरा सढळ हातानं घालावं. अथणीकडच्या काळ्या रानात उलट पाणी तुंबतं, तिथं वाफा वीतभर उंच करावा. जुन्या झाडाला आदल्या संध्याकाळीच भरपूर पाणी पाजावं.

हाताशी कुदळ, धारदार कोयता, स्पिरिट, फडकं, चुलीतली राख, बुट्टी आणि ओलं गोणपाट. प्रत्येक झाड कापून झालं की कोयता स्पिरिटनं पुसायचा, चिरेला राख लावायची आणि तुकडा लगेच गोणपाटाखाली ठेवायचा. कर्दळीच्या हिरव्या पानांवर पिवळे तुटक पट्टे दिसत असतील तर तो गड्डा फोडूच नका, विषाणू तुकड्यातुकड्यातून पसरतो.

तुकड्याला दोन-तीन डोळे आणि थोडी मुळं हवीत. मधला जुना, पोकळ भाग टाकून कडेचे फुटवे घ्यावेत. गवती चहाची पाती वीतभर ठेवून छाटावीत, नाहीतर तुटकी मुळं एवढ्या पात्याला पाणी पुरवू शकत नाहीत.

निशिगंधाचे कांदे मात्र पानं पिवळी पडल्यावर काढून सावलीत सुकवलेले असावेत. त्यातले साधारण 2 सेंटीमीटर जाडीचे यंदाच्या फुलांसाठी वेगळे काढा, बारके पुढच्या वर्षासाठी लावा. शेवंतीच्या काश्या, म्हणजे बुंध्याजवळचे फुटवे, मुळासकट असतील तेवढ्याच घ्याव्यात.

आठवडाभर सावली करायला नारळाच्या झावळ्याही आणून ठेवा. आणि उरलेली रोपं कुणाला द्यायची ते आधीच विचारा. यंदाचे दोन सोनटक्के मी शहापुरातल्या मावशींना कबूल केलेत, त्यांचा खड्डाही तयार आहे.