ताण आधी अंगात दिसतो: तो ओळखायचा कसा, उतरवायचा कसा

संध्याकाळी मानेचा मागचा भाग जड होतो. जेवणानंतर छातीत जळजळतं. रात्रभर दात आवळले गेल्यामुळे सकाळी जबडा दुखतो. पहाटे साडेतीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. या सगळ्यासाठी आपल्या घरांत कारणं तयार असतात: पित्त झालं, गॅस झाला, ऊन लागलं, उशी बदलली. कधीकधी ती खरीही असतात. पण हाच त्रास ठरावीक वारी, ठरावीक वेळी, ठरावीक माणसाच्या फोननंतर होत असेल, तर गोळी घेऊन तो तेवढ्यापुरता दबतो आणि पुढच्या आठवड्यात परत येतो.

शरीर यात काही चुकीचं करत नसतं. संकट दिसलं की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी जलद होते, स्नायू आवळले जातात आणि पचन मंदावतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रतिसादाचं वर्णन केलं. ही तयारी लढायला किंवा पळायला असते, म्हणजे काही मिनिटांच्या कामाला. पुढे 1936 मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की थंडी, इजा, अतिश्रम यांपैकी कारण कोणतंही असो, त्रास लांबला की शरीरात साधारण सारखेच बदल होतात. जठरात व्रण होणं हा त्यांतला एक. घराचा हप्ता, मुलीची बारावी किंवा सासऱ्यांचं आजारपण काही मिनिटांत संपत नाही. अंग मात्र महिनोन् महिने पहाऱ्यावरच राहतं.

आधी सात दिवस नुसतं लिहा

उपाय सुरू करण्याची घाई करू नका. वहीच्या पानावर चार रकाने आखा: वेळ, अंगात काय झालं, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं, त्यावर मी काय केलं. दिवसातून तीनदा दोन-दोन मिनिटं द्या: सकाळच्या चहाला, दुपारी जेवताना आणि झोपण्याच्या तासभर आधी. एक ओळ अशी दिसेल:

सं. 7.10 – खांदे वर ओढलेले, डोकं ठणकतंय – डोंबिवलीला उतरले, घरून तीन मिस्ड कॉल – कुणाशी न बोलता चहा, मग मुलावर ओरडले.

यातला चौथा रकाना सर्वांत मोलाचा. ताण पुष्कळदा वागण्यातून बाहेर पडतो आणि आपल्याला तो स्वभाव वाटतो. भराभर जेवणं, मोबाइलवर तास घालवणं, तंबाखूची पुडी किंवा मिश्री वाढणं, झालेलं काम पुन्हापुन्हा तपासणं, हे सगळं इथे सापडतं.

नोंद फसण्याची कारणं ठरलेली आहेत. दुसऱ्या रकान्यात 'टेन्शन आलं' एवढंच लिहिलं तर त्यातून काहीच हाती लागत नाही. जागा लिहा, जबडा, पोट, तळहात. दिवसभराचं सगळं रात्री एकदम लिहिलं तर सर्वांत वाईट क्षण तेवढा आठवतो. आणि 'माझा स्वभावच चिडका' हा निष्कर्ष झाला, नोंद नव्हे. आठवड्याच्या शेवटी बहुतेक पानांवर दिवसातल्या त्याच दोन-तीन ठरावीक वेळा पुन्हापुन्हा आलेल्या दिसतात. त्या वेळांनाच हात घाला. सगळा दिवस एकदम सुधारायला गेलं की चौथ्या दिवशी सगळंच सुटतं.

श्वास: सोपा उपाय, पण चुकीच्या रीतीने केला जाणारा

'दीर्घ श्वास घे' हा सल्ला सगळेच देतात, आणि पुष्कळांना त्याने उलट घाबरल्यासारखं होतं. जोरजोरात, भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि भीती वाढते. इथे महत्त्व श्वास सोडण्याला आहे. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं.

खुर्चीत टेकून बसा, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, पोटावरचा हात हलू द्या, छातीवरचा शक्यतो स्थिर ठेवा. सहा आकडे मोजत हळू सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा. दम कोंडून धरू नका. गरोदर बाई, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा रुग्ण यांनी तर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, स्वतःच्या मनाने करूच नये. ज्यांना आकडे मोजणं त्रासाचं वाटतं त्यांनी भ्रामरी करावी, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखं गुंजत श्वास सोडावा. गुंजनामुळे श्वास आपोआप लांबतो.

हा सराव दोन आठवडे शांत असताना करा, दिवसातून दोनदा. पोहणं जसं पुरात पडल्यावर शिकता येत नाही, तसंच हे. सवय बसली की लोकलमध्ये उभ्याउभ्या किंवा साहेबांच्या केबिनबाहेर तीन लांब नि:श्वासही कामाला येतात.

जबड्यासाठी दिवसभरात एकच तपासणी लक्षात ठेवा: ओठ मिटलेले, दात सुटे. खात-गिळत नसताना वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. खांद्यांसाठी, ते कानापर्यंत उचलून पाच सेकंद घट्ट धरा, मग एकदम सोडून वीस सेकंद तसेच राहू द्या. असं तीनदा. दुखावलेल्या मानेवर हा प्रयोग करू नये.

काळजीला वेळ आणि जागा ठरवून द्या

'डोक्यातून काढून टाक' म्हटल्याने काहीच निघत नाही. संध्याकाळची पंधरा मिनिटं नेमून द्या, साडेसहा ते पावणेसात, बिछान्यापासून दूर. प्रत्येक काळजी लिहा आणि तिच्यापुढे पहिली कृती लिहा, किंवा 'माझ्या हातात नाही' असं लिहा. काळजी बारीक करून लिहायला हवी. 'पैसे पुरणार नाहीत' यावर काहीच करता येत नाही. 'दहा तारखेला फी, चार हजार कमी' यावर करता येतं: सोमवारी शाळेच्या ऑफिसात दोन हप्त्यांबद्दल विचारणे. रात्री तोच विचार आला तर त्याला उद्याची साडेसहाची वेळ द्या. पहिल्या काही रात्री तो ऐकत नाही. तरीही वेळ पाळा.

झोपेबद्दल थोडक्यात: उठण्याची वेळ रविवारीही बदलू नका. अंदाजाने वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसा, पण घड्याळ बघू नका.

चहा, तंबाखू आणि घरातलं ओझं

घेतलेलं कॅफीन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या चहातलं जवळपास अर्धं कॅफीन अकरा वाजताही रक्तात असतं. चहा एकदम बंद केला की एक-दोन दिवस डोकं दुखतं आणि माणूस परत सुरू करतो. तीन-चार दिवसांनी एक कप या बेताने, संध्याकाळच्या कपापासून कमी करा.

तंबाखूने ताण उतरतो असं वाटतं, यामागे साधं कारण आहे. निकोटिन उतरलं की बेचैनी येते, पुढची चिमूट ती बेचैनी शमवते, आणि आपण त्याला आराम म्हणतो. मिश्रीचंही हेच. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे.

घरातल्या बाईच्या नोंदीत एक गोष्ट वारंवार दिसते: काम करण्यापेक्षा काम लक्षात ठेवण्याचा शीण जास्त. 'दूध आणून दे' म्हटल्याने तो उतरत नाही, कारण आठवण तिनेच ठेवलेली असते. म्हणून काम अख्खं सोपवा. दूध म्हणजे आणणं, खाडे मांडणं, महिन्याचा हिशेब, सगळं. पहिल्या पंधरवड्यात दूध एखाददा विसरलं जाईल. त्या दिवशी कोरा चहा प्या, पण काम परत अंगावर घेऊ नका.

डॉक्टरकडे कधी जायचं

छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर श्वास मोजत बसू नका. 108 ला फोन करा. धडधड, थकवा, चिडचिड अनेक दिवस टिकली तर रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण यांतला बिघाडही हुबेहूब ताणासारखाच दिसतो.

दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटतंय, कशातच रस नाही, रोजची कामं उरकत नाहीत, दारू वाढली आहे, यांपैकी काहीही असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या सेवेच्या 14416 वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. जीव नकोसा झाल्याची भाषा घरात कुणी करत असेल तर त्याला थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. कीटकनाशक, जास्तीच्या गोळ्या घरात हाताशी असतील तर आधी हलवा.

आणि शेजाऱ्याची झोपेची गोळी मागून घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची काही आठवड्यांत सवय लागू शकते. आधीच रोज घेत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम थांबवूही नका. फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. मात्रा कमी कशी करायची ते लिहून दिलेल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.