गुडघ्यातलं पाणी काढायला जाण्याआधी

डॉक्टरांनी तारीख दिली की घरात पहिली चर्चा होते ती सुई केवढी असते याची. तयारीची सुरुवात मात्र एका प्रश्नाने करा आणि तो आधीच विचारून ठेवा: काढलेलं पाणी तपासायला पाठवणार ना, आणि कशाकशासाठी? मी कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सुजलेल्या गुडघ्यातलं पहिलं पाणी किती मोलाचं असतं हे रोज बघते, म्हणून हा प्रश्न सगळ्यात वर ठेवलाय. एक्स-रेत हाडं दिसतात, रक्ताच्या रिपोर्टवरून अंगात कुठंतरी सूज आहे एवढं कळतं. पण गुडघ्याच्या आत जंतू आहेत, युरिक ॲसिड साचलंय, रक्त उतरलंय की नुसती झीज आहे, याचं सरळ उत्तर त्या पाण्यातच असतं. ते तसंच टाकून दिलं तर चार दिवस गुडघा मोकळा वाटतो आणि परत फुगतो, कारण मुळातलं दुखणं तिथंच राहिलेलं असतं. जुनी झीज असेल, आधी तपासणी झालेली असेल, तर दरवेळी सगळ्या टेस्ट लागत नाहीत. पहिल्यांदा पाणी काढताना मात्र आग्रह धरा.

घरातलं वडीलधारं माणूस या टप्प्यावर हमखास म्हणतं, "अगं पोरी, ते वंगण हाय गुडघ्याचं, काढलं की गुडघा सुकणार." त्यांना नीट समजावून सांगा. निरोगी गुडघ्यात हे पाणी जेमतेम तीन-चार मिली असतं, म्हणजे चहाच्या चमच्याएवढंही नाही. सुजलेल्या गुडघ्यातून कधी तीस, कधी पन्नास, कधी त्याहूनही जास्त मिली निघतं. काढतात ते हे जादा झालेलं, आणि ते वंगणाच्या कामाचं राहिलेलंच नसतं. निरोगी पाण्याचा थेंब सुईच्या टोकावरून सोडला तर काकवीसारखी लांब तार धरतो. सुजलेल्या सांध्यातलं पाणी तार न धरता टपटप पडतं. आत्याबाईंना, मामांना एवढं सांगितलं की पुष्कळदा विरोध मावळतो.

आता ज्यांनी तारखेची वाट बघायचीच नाही त्यांच्याविषयी. गुडघा एक-दोन दिवसांत सुजला, हाताला गरम लागतोय, लाल दिसतोय, अंगात ताप आहे, पाय टेकवत नाही, जरा हलवला तरी माणूस ओरडतंय, असं असेल तर ही यादी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, सीपीआरला (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या ज्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर असतील तिथं तातडीच्या विभागात न्या. सांध्यात पू झाला तर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, काही दिवसांतच खराब होते आणि ती पुन्हा तशी भरून येत नाही. शुगरवाले, डायलिसिसवर असलेले, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या घेणारे, यांना ताप नसला तरी गाफील राहू नका. आणि अशा वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून दोन डोस पोटात घालू नका. त्याने आजार बरा होत नाही, पण पाण्यातले जंतू कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, वाढेनासे होतात आणि कोणतं औषध लागू पडेल हे शोधायची वाट बंद होते. पाणी आधी, अँटिबायोटिक नंतर, हा क्रम पाळायचा. गोळ्या सुरू झाल्याच असतील तर नाव आणि वेळ डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

ज्यांना सवडीची तारीख मिळाली आहे त्यांनी आदल्या आठवड्यात औषधांचं काम उरकावं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला. नावं लिहिण्यात चूक होते, पाकिटात होत नाही. त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत का हे वेगळं सांगा: हृदयाला स्टेंट बसवल्यावर देतात त्या, झडप बदलल्यावर देतात त्या. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम चालू असेल तर शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा) रिपोर्ट सोबत ठेवा. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. गुडघ्यातलं पाणी काढायला त्या बहुतेक वेळा थांबवाव्या लागत नाहीत, आणि मनाने थांबवल्या तर हृदयाचा धोका गुडघ्यापेक्षा कितीतरी मोठा. दात काढताना दिलेल्या भुलीचा त्रास झाला होता का, आयोडीनने अंगावर पुरळ येतं का, तेही आठवून ठेवा. त्या गुडघ्यात कृत्रिम सांधा असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. तिथं साध्या ओपीडीत सुई घालत नाहीत, शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जायचं असतं.

गुडघ्याच्या कातडीकडे लक्ष द्या, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. दुखऱ्या गुडघ्यावर रुईची, एरंडाची पानं गरम करून बांधलेली असतात, हळदीचा लेप असतो, महिनाभर तेल चोळलेलं असतं. पानांच्या शेकाने भाजलेली, फोड आलेली कातडी दिसली किंवा गळू, खरूज, पाणावलेली जखम असली, तर डॉक्टर त्या जागेतून सुई घालणार नाहीत, कारण बाहेरचे जंतू सुईबरोबर आत जातात. तेव्हा तारीख ठरल्यापासून लेप, पानं, मालीश सगळं बंद. हळदीचा पिवळा रंग आणि तेलकटपणा साबणाने धुऊन काढा, कातडीची खरी लाली दिसायला हवी. गुडघ्यावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक चिरा पडतात. लागलंच तर तिथले लोक बघतील.

कागदांचं थोडक्यात. जुने एक्स-रे, एमआरआय असेल तर तो, रक्ताचे रिपोर्ट, आधीचा केसपेपर, आधार, आणि सरकारी योजनेतून करायचं असेल तर रेशनकार्ड. चंदगड, आजरा, गगनबावडा असल्या लांबच्या तालुक्यातून येणाऱ्यांनी हे आदल्या रात्रीच पिशवीत भरावं. एका कागदासाठी परत फिरणं सुजलेल्या गुडघ्याला परवडत नाही.

कागदापेक्षा महत्त्वाची आहे ती हकीकत, आणि ती घरी बसून जुळवून आणा. गुडघा कधी सुजला, किती वेळात सुजला? तालमीत डाव मारताना किंवा शाहू स्टेडियमवर खेळताना गुडघा पिरगळला आणि दोन-तीन तासांत टम्म फुगला, तर आत रक्त उतरलं असण्याची शक्यता जास्त, आणि तशा वेळी पुढचा लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा दोर) तुटलाय का हे बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी हळूहळू सूज आली तर गादी फाटल्याचा संशय येतो. मध्यरात्री अचानक ठणका उठला, चादरीचा स्पर्श सोसेना, आधी कधी पायाचा अंगठा असाच सुजला होता, तर गाऊट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिड साचून उठणारं दुखणं. तांबडा-पांढरा आणि मटणाच्या जेवणानंतर किंवा दारूनंतर झालं असेल तर तेही संकोच न करता सांगा. महिनोन्‌महिने हळूहळू वाढणारी सूज, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरलेलं, घरात कुणाला टीबी झालेला, ही माहिती तर नक्कीच द्या. टीबी सांध्यातही होतो, आणि त्याची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते, नेहमीच्या कल्चरमध्ये तो सापडत नाही. आधी पाणी काढलंय का, इंजेक्शन कधी घेतलं, हे शेवटी सांगा.

जायच्या दिवशी आंघोळ करून, पोटात काहीतरी घालून निघा. भूल फक्त जागेपुरती असते, त्यामुळे डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर उपाशी राहायची गरज नाही. उपाशीपोटी सुई बघून चक्कर येणारेच जास्त. शुगरवाल्यांनी रोजचा नाश्ता आणि औषध चुकवू नये. पायजमा किंवा सलवार मांडीपर्यंत सहज वर जाईल अशी सैल हवी, साडी-धोतराला अडचण नाही. घट्ट जीन्स घालून आलेल्या पोरांची तिथं पंचाईत होते. सोबत एक माणूस हवंच, कारण परत जाताना स्वतः गाडी चालवायची नाही, आणि केएमटीच्या बसमध्ये उभं राहून जायचं तर मुळीच नाही, रिक्षा करा.

आत काय होतं हे माहीत असलं की भीती निम्मी होते. उताणं झोपवतात, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात, मांडी सैल सोडायला सांगतात. ही सैल सोडण्याची गोष्ट घरीच करून बघा, कारण मांडी आवळली की वाटी घट्ट बसते आणि सुईला जागा मिळत नाही. जंतुनाशक लावून ते वाळू देतात, जागा बधिर करतात, आणि बहुतेकदा वाटीच्या वरच्या बाहेरच्या बाजूने सुई आत जाते. बधिर करतानाची चुणचुण आणि नंतर दाब जाणवतो. घट्ट पाणी बारीक सुईतून येत नाही, म्हणून सुई रक्त तपासणीच्या सुईपेक्षा जाड असते. सगळं मिळून काही मिनिटांचं काम आहे.

सिरिंज भरली की तिच्याकडे एकदा बघा. फिकट पिवळं आणि आरपार दिसणारं पाणी झिजेच्या गुडघ्यात येतं. ढगाळ पिवळं असेल तर सूज जोरात आहे. घट्ट पूसारखं असेल तर डॉक्टर लगेच हालचाल करतील. लाल असेल आणि सिरिंज थोडी उभी ठेवल्यावर वर चरबीचे चकाकणारे थेंब तरंगले, तर हाडाला तडा गेलाय असं समजून डॉक्टर त्याचा शोध घेतात. मग ते पाणी वेगवेगळ्या ठिकाणी घालतात: जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये पेशी मोजायला, निर्जंतुक डबीत किंवा कल्चरच्या बाटलीत जंतू वाढवायला, थोडं क्रिस्टल, म्हणजे युरिक ॲसिडसारख्यांचे बारीक खडे, बघायला. नमुना लॅबपर्यंत न्यायचं काम तुमच्या माणसाकडे दिलं तर प्रत्येक डबीवर नाव, तारीख आणि कोणता गुडघा हे लिहिलंय का बघा, चिठ्ठी घ्या आणि सरळ लॅब गाठा. वाटेत चहाला थांबू नका, डबी घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हात गाडीच्या डिकीत तर नाहीच. वेळ गेला की पेशी फुटायला लागतात आणि आकडा खोटा येतो. आमच्या टेबलावर दुपारी चारला आलेली सकाळची डबी बघून जीव तुटतो, कारण त्या माणसाला परत टोचून घ्यावं लागेल की काय, हेच डोक्यात येतं.

गाऊटसाठी पोलराइज्ड सूक्ष्मदर्शक (खास प्रकाशात क्रिस्टल दाखवणारा) लागतो, तो प्रत्येक लॅबमध्ये नसतो, म्हणून ही तपासणी कुठं होईल हे आधीच विचारून ठेवा. सांध्याच्या पाण्यातले युरेटचे सुईसारखे क्रिस्टल ओळखायची ही पद्धत 1961 साली अमेरिकेत मॅककार्टी आणि हॉलंडर यांनी दाखवून दिली आणि आजही गाऊटची खात्री करायला हाच सगळ्यात भक्कम पुरावा मानतात. रक्तातलं युरिक ॲसिड ऐन झटक्यात नॉर्मलही येऊ शकतं, त्या एका आकड्यावर निश्चिंत होऊ नका. म्हाताऱ्या माणसांत कॅल्शियमचे चौकटी आकाराचे क्रिस्टलही सापडतात, त्याचं औषधपाणी वेगळं.

पाणी काढल्यावर त्याच सुईतून स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं का, हे टेबलावर झोपल्यावर ठरवायची गोष्ट नाही, आधी बोलून घ्या. झिजेत किंवा संधिवातात त्याने काही आठवडे चांगला आराम पडतो. जंतूंचा संशय असेल तर मात्र रिपोर्ट येईपर्यंत ते देत नाहीत. स्टेरॉइडने शुगर काही दिवस वर जाते, तेव्हा घरात ग्लुकोमीटर आणि पट्ट्या आणून ठेवा. येत्या तीन महिन्यांत सांधा बदलायचं ऑपरेशन ठरत असेल तर ते सांगा, कारण त्याआधी स्टेरॉइड टाळतात. एकाच गुडघ्यात दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका. दोन इंजेक्शनांत निदान तीन महिन्यांचं अंतर हवं.

घरी आल्यावर लागणाऱ्या गोष्टी निघण्याआधीच मांडून ठेवा: फडक्यात गुंडाळायला बर्फ, पायाखाली उशी, टेकून बसायला खुर्ची. एक-दोन दिवस मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, जोतिबाच्या पायऱ्या, तालीम, मैदान सगळं बंद. घरात चालायला हरकत नाही. देशी संडास असेल तर प्लॅस्टिकची कमोड खुर्ची आणा. सुईची जागा भरेपर्यंत रंकाळ्यात, पंचगंगेत, विहिरीत पोहायचं नाही. थोडं दुखणं, जरा सूज चालते, आणि स्टेरॉइड घेतलं असेल तर पहिले एक-दोन दिवस ठणका वाढूही शकतो. पण ताप आला, लाली पसरली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी चढत गेलं, तर फोनवर सल्ला घेत बसू नका, थेट दवाखान्यात जा. सुईमुळे जंतू आत जाणं फार क्वचित घडतं, घडलं तर तास मोलाचे असतात.

राहिले रिपोर्ट. पेशींचा आकडा त्याच दिवशी मिळतो. निरोगी पाण्यात घन मिलिमीटरला 200 च्या आत पांढऱ्या पेशी, झिजेत साधारण 2000 पर्यंत, सूज असलेल्या सांध्यात त्याच्या वर, आणि 50,000 च्या पुढे गेलं की जंतूंचा दाट संशय. मात्र आकडा कमी आहे म्हणून जंतू नाहीतच असं धरायचं नाही, आणि गाऊट सापडला म्हणून कल्चर सोडून द्यायचं नाही, दोन्ही एकत्रही असतात. साधं कल्चर दोन ते पाच दिवसांत येतं, टीबीची सीबीनॅट (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) एक-दोन दिवसांत, टीबीचं कल्चर सहा आठवड्यांपर्यंत लांबतं. या तारखा फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या आणि गुडघा बरा वाटत असला तरी शेवटचा कागद हातात घेऊन डॉक्टरांना दाखवून या.