थेंब डोळ्यात पडला का? डोळा-कान विभागात नव्याने येणाऱ्या परिचारिकांसाठी

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आमची डोळा-कान विभागातली पोस्टिंग जेमतेम दोन आठवड्यांची होती. मेडिसिन वॉर्ड आणि लेबर रूम करून थकलेल्या आम्ही मुलींनी ते दोन आठवडे विसाव्याचे धरले. पेशंट स्वतःच्या पायांनी चालत येतात, सलाइन कमी, रक्त कमी, रात्री वॉर्ड शांत. मी गोव्यातल्या पेडण्याची. शिक्षण संपल्यावर बार्देशातल्या एका रुग्णालयात लागले आणि पहिल्याच वर्षी मला याच विभागात टाकलं. आज अकरा वर्षं होतील. तुमच्यापैकी कुणाला ही पोस्टिंग मिळाली असेल आणि हायसं वाटलं असेल, तर आधी एका आजोबांची हकीकत ऐका.

सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरून आले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं होतं. घरी सोडताना मी त्यांना थेंबांच्या वेळा वाचून दाखवल्या, "कळलं ना आजोबा?" असं विचारलं, त्यांनी मान हलवली. आठव्या दिवशी आले तेव्हा डोळा लाल, दुखरा, पाणी गळतंय. बाटली जवळपास रिकामी, म्हणजे औषध चुकवलेलं नाही. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "कसं घालता ते दाखवा." आजोबांनी मान वर केली, डोळा घट्ट मिटला आणि पापणीवर तीन थेंब सोडले. तिन्ही थेंब गालावरून खाली ओघळले. आठ दिवसांत त्यांनी एकही वेळ चुकवली नव्हती, आणि डोळ्यात औषध जवळजवळ गेलंच नव्हतं. नशिबाने आत जंतुसंसर्ग नव्हता, नुसती सूज होती, ती औषधाने ओसरली. पण तो डोळा गेला असता तर चूक माझी होती. मी सांगितलं होतं, पण करून घेतलं नव्हतं.

तेव्हापासून "कळलं का?" हा प्रश्न मी सोडला. आता "करून दाखवा" म्हणते. मोतीबिंदूचं ऑपरेशन बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. त्यानंतरचे चार-सहा आठवडे मात्र डोळा घरच्यांच्या हातात असतो, आणि त्या हातांना शिकवणारी व्यक्ती तुम्ही असता.

म्हणून थेंबांवर मी जरा रेंगाळते. हात साबणाने धुवायचे. पेशंटने मान मागे करून वर बघायचं. खालची पापणी बोटाने अलगद ओढली की एक छोटी खाच तयार होते, थेंब त्या खाचेत, बुबुळावर नाही. बुबुळावर पडला तर झोंबतो आणि माणूस दचकून डोळा मिटतो. थेंब एकच. त्या खाचेत त्याहून जास्त मावत नाही, बाकीचं बाहेर येतं. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागू द्यायचं नाही. मग डोळा हळू मिटून नाकालगतच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं दाब द्यायचा. हा दाब नव्या मुली हमखास विसरतात. त्या कोपऱ्यातून औषध नाकात आणि तिथून रक्तात जातं. काचबिंदूला टिमोलॉल देतात, ते असं रक्तात गेलं तर दमेकऱ्याला धाप लागू शकते, नाडी मंदावू शकते. म्हणून टिमोलॉल हातात घेतलं की दमा आणि हृदयाचा आजार विचारायचा, केसपेपरवर लिहिलेलं असलं तरी पुन्हा विचारायचा. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं, आणि मलम सगळ्यात शेवटी. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची, साधारण महिन्याने ती टाकून द्यायची.

आणखी एक धोका आपल्या विभागातच जन्माला येतो, कारण डोळे आणि कान शेजारी असतात. एका मावशींना कानातल्या बुरशीसाठी थेंब दिले होते आणि डोळ्यांच्या कोरडेपणासाठी वेगळे. दोन्ही बाटल्या सारख्याच बुटक्या, पांढऱ्या. रात्री कानाचं औषध डोळ्यात गेलं. त्या कॅज्युअल्टीत आल्या तेव्हा आग सहन होत नव्हती. भरपूर सलाइनने डोळा धुतला, बुबुळ वरवर खरचटल्यासारखं झालं होतं, तीन-चार दिवसांत भरलं. बाटलीवर ठळक अक्षरात "कान" लिहून भागत नाही. ज्याला दिसत नाही म्हणून तो आपल्याकडे आलाय, त्याला आपण बारीक अक्षरांची बाटली देतो. मी कानाच्या बाटलीला रबरबँड गुंडाळते आणि पेशंटचं बोट त्यावरून फिरवते. हाताला समजलं पाहिजे. घरी डोळ्याचं औषध देवघराजवळ, कानाचं स्वयंपाकघरात, अशा जागासुद्धा ठरवून देते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचे प्रश्न पाठ करा: रक्तदाब, साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी. आणि वयस्क पुरुषांना लघवीच्या गोळीबद्दल विचारा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांची बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट मोठी होत नाही, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीत असतो. आजोबांना ही गोळी डोळ्याशी संबंधित वाटत नाही, ते सांगत नाहीत, आणि सून समोर बसलेली असेल तर मुळीच सांगत नाहीत. तिला दोन मिनिटं बाहेर पाठवा. बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी काचबिंदू आहे का, कधी डोळा दुखून दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली का, हे विचारा. डोळा कोणता, हे पेशंटच्या तोंडून वदवून घ्या आणि कपाळावरच्या खुणेशी ताडून बघा. ऑपरेशन टेबलावर पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक डोळ्यात तीन मिनिटं राहिलंच पाहिजे. कितीही घाई असली तरी ती तीन मिनिटं कापायची नाहीत.

घरी पाठवताना गोव्यात दोन प्रश्न येतातच. पहिला, "नुस्ते (मासे) खाल्लं तर पू होईल का?" नाही होत. बांगडा खा, हुमण खा, फक्त हात धुऊन मग डोळ्याला लावा. दुसरा, "चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) केलं तर चालेल?" मोतीबिंदू असेल तर बहुतेक वेळा चालतं. उलट चवथीच्या तोंडावर ऑपरेशन करून घेतलेली बाई चुलीच्या धुरात आणि आदोळीवर वाकून नारळ खवण्यात दिवस काढते, आणि तिला थांबवणं घरात कुणालाच जमत नाही. तिच्याशी आधीच मोकळेपणाने बोललेलं बरं. पण काचबिंदूचा जोरदार झटका असेल तर एक रात्रही थांबायचं नाही. अशा बाईचं डोकं फुटल्यासारखं दुखतं, उलट्या होतात, आणि ती पित्त म्हणून भलत्याच रांगेत बसलेली असते. लाल डोळा, धुरकट बुबुळ आणि उलटी एकत्र दिसली की तिला उचलून पुढे न्या.

विभागातला पहिला नियम असा की कुठलाही डोळा तपासण्याआधी त्याची नजर मोजून लिहायची, सहा मीटरवरून तक्ता वाचून घेऊन. ६/६०, म्हणजे तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा वाचता येत नसेल तर बोटं मोजता येतात का, हात हललेला कळतो का, उजेड कळतो का. हा नियम एकाच ठिकाणी मोडायचा: डोळ्यात रसायन गेलं असेल तेव्हा. पानाच्या चुन्याची पुडी दाबताना ती फुटून लहान मुलाच्या डोळ्यात जाते. असा एक पाच वर्षांचा मुलगा मी पाहिला, आईने रस्त्यात त्याचा डोळा ओढणीने पुसून काढला होता. चुना अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, असतो; तो आम्लापेक्षा खोल शिरतो. नाव, पत्ता, तक्ता सगळं नंतर. आधी बधिर करणारा थेंब, मग सलाइनची धार, कमीत कमी अर्धा तास, आणि पापणी उलटून आत अडकलेले खडे काढणं. खडा राहिला तर तो विरघळतच राहतो. पीएच मोजणाऱ्या कागदी पट्टीने डोळ्यातला पीएच सात-साडेसातच्या आसपास आल्याचं बघूनच थांबायचं. मुलाला आईच्या मांडीवर चादरीत घट्ट गुंडाळून धरावं लागतं. तो रडतो, आपल्यालाही रडू येतं. पण हात थांबवू नका.

डोळे येण्याची साथ तुम्हाला कधी ना कधी भेटेलच. २०२३च्या पावसाळ्यात देशभर आली तेव्हा आमच्या ओपीडीत उभं राहायला जागा नव्हती. त्यात बहुतेकांचं आपोआप बरं होतं. आपलं काम हात, टॉवेल आणि उशी वेगळी ठेवायला सांगणं, आणि दोन पेशंटच्या मध्ये स्वतःचे हात धुणं. खरी भीती औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टिरॉइड थेंबांची. शेतात लावणी-कापणी करताना भाताचं पातं बुबुळाला लागतं, तिथे बुरशी धरते, आणि स्टिरॉइडने लाली उतरल्यामुळे माणसाला बरं वाटतं. आत जखम वाढत असते. पातं, काडी, शेण, माती, काही लागलं होतं का, हे लाल डोळ्याच्या प्रत्येक शेतकऱ्याला विचारायचंच.

आता कान. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे कानाची रांग वाढते, आणि २४ जूनला सांजांवाला (सेंट जॉनच्या सणाला) विहिरीत उड्या मारून झाल्या की पुढच्या आठवड्यात आणखी. दमट हवेत कानात बुरशी होते: विलक्षण खाज, कान भरल्यासारखा, आत बघितलं तर ओल्या वर्तमानपत्राचा लगदा आणि त्यावर काळे ठिपके. हेअरपिन किंवा सेफ्टी पिनने कोरून ती वाढवलेली असते. "कान व्हांवता" (कान वाहतो) म्हणत येणाऱ्यांच्या कानात बऱ्याच वेळा लसूण घालून कढवलेलं खोबरेल सापडतं. ओरडू नका, घरच्यांनी मायेनेच घातलेलं असतं. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात जातं, एवढं समजावून सांगा. कोरड्या कापसाची वात करून कान टिपायला शिकवा, आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा.

कानाचे थेंब घालण्याआधी बाटली दोन मिनिटं मुठीत धरा. गार औषध आत गेलं की माणसाला गरगरतं. मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढायचा, तीन वर्षांखालच्या बाळाचा खाली आणि मागे. मग पाच मिनिटं कुशीवर पडून राहायला सांगायचं. मळ पाण्याने काढायचा असेल तर पाणी अंगाच्या उष्णतेइतकं कोमट, धार कानाच्या मागच्या-वरच्या भिंतीवर, पडद्यावर नाही. पडदा फाटलेला असेल किंवा कधी कान फुटलेला असेल तर पाणी नाहीच. मुलाने कानात चणा किंवा वाटाणा घातला असेल तरी नाही, तो फुगून बसतो. जिवंत किडा असेल तर आधी तेलाने मारायचा. घड्याळाची बटण बॅटरी असेल तर एकही थेंब न घालता लगेच डॉक्टरांकडे, ती तासाभरात आतली कातडी जाळायला लागते.

मधुमेहाबद्दल मी नव्या मुलींच्या मागेच लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोव्यातलं मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वात जास्त निघालं. आपल्या रांगेतला दर तिसरा-चौथा मोठा माणूस, असं समजून चाला. नजर चांगली असली तरी त्याच्या डोळ्याचा मागचा पडदा वर्षातून एकदा तपासायला हवा. आणि वयस्क मधुमेही माणसाचा कान रात्री झोप उडवण्याइतका ठणकत असेल, तर तो साधा कान नसतो. संसर्ग हाडात उतरतो, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते. अशा कानात पाण्याची धार मारायची नाही. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईना झालं असेल तर मळ समजून औषध देऊन आठवडाभर थांबवू नका. आतल्या नसेचा प्रश्न असेल तर सुरुवातीचे दिवसच मोलाचे.

मास्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या हाडाच्या ऑपरेशननंतर पहिल्या रात्री दर वेळी पेशंटला दात दाखवायला, गाल फुगवायला आणि डोळे घट्ट मिटायला सांगा. चेहऱ्याची नस कानातून जाते. कुठली बाजू मागे पडली तर वेळ लिहून लगेच कळवा. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. पहिल्यांदा उठताना धरून उठवा, चक्कर येतेच.

शेवटी बोलण्याबद्दल. ज्याला दिसत नाही त्याला हात लावण्याआधी नाव सांगा: "मी सिस्टर, तुमच्या उजव्या बाजूला उभी आहे." ज्याला ऐकू येत नाही त्याच्या कानात ओरडू नका, आवाज फाटतो. समोर उजेडात उभं राहून, मास्क खाली घेता येत असेल तर घेऊन, हळू बोला. मी सुरुवातीला एका बहिऱ्या आजींसाठी पाटीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. त्यांना रोमी लिपीतली कोंकणी वाचता येत होती, देवनागरी नाही. तेव्हापासून आधी लिपी विचारते. आणि थेंबांचा कागद आता अक्षरांनी लिहीतच नाही. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य, चंद्र. प्रत्येकाच्या खाली डोळ्याचं चित्र आणि बाटलीच्या झाकणाचा रंग. कागद पेशंटच्या हातात देते, बाटली उघडते आणि म्हणते, "आता पहिला थेंब तुम्ही घाला, मी बघते."