व्हॅल्युएशन कमी आलं? कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना या चुका टाळा

महिन्याकाठी एक तरी फोन येतोच. आवाज वेगळा, वाक्य तेच. "काका, बँकेने आमच्या घराची किंमतच पाडली हो!"

गृहकर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. निवृत्त झालो तरी लोक फायली घेऊन येतात. २०२५च्या सुरुवातीला साडेसहा टक्के असलेला रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) जूनपर्यंत साडेपाचवर आला आणि ज्याला त्याला कर्ज उचलून दुसऱ्या बँकेत न्यायची घाई झाली. न्या ना. फ्लोटिंग व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँका २०१२पासून लावू शकत नाहीत, त्यामुळे दार उघडंच आहे. पण नवी बँक तुमच्या घराची किंमत नव्याने काढते, हेच ते व्हॅल्युएशन. तिथे अडकलं की माणसं ज्या चुका करतात, त्या पाहून माझा चहा गार होतो.

आधी हिशेब. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. ही किंमत म्हणजे नव्या बँकेच्या व्हॅल्युअरने लिहिलेला आकडा. तुम्ही भरलेली स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, बसवलेलं मॉड्युलर किचन, हॉलचं फॉल्स सीलिंग यातलं काही त्यात नाही. "पण आम्ही इंटिरियरला सात लाख घातलेत!" घातले असतील. ते तुमच्या सुखासाठी घातले.

रिपोर्ट न वाचता रडायला बसणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या शेजाऱ्यांची भाची आणि तिचा नवरा नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतात. तो अंबडला कारखान्यात, ती शाळेत शिकवते. २०२१ मध्ये ४४ लाखांना टू बीएचके घेतला, ३५ लाखांचं कर्ज एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून. रेपो खाली आला तरी यांचा दर काही हलेना, म्हणून बँकेत जायचं ठरलं. बाकी होती ३१ लाख ८० हजार. वर पाच लाखांचा टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, हवं होतं. म्हणजे एकूण ३६ लाख ८० हजार. घर आज ५० लाखांच्या वर जाईल, याबद्दल दोघांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बँकेचा आकडा आला ३८ लाख ६४ हजार. त्याचे ८० टक्के म्हणजे ३० लाख ९१ हजार. टॉप-अप राहिला बाजूला, जुनं कर्जसुद्धा फिटेना.

आता इथे थांबून कुणीतरी विचारायचं होतं की हा आकडा आला कुठून? ते नाही. नवरोबांनी आठ दिवसांत आणखी तीन ठिकाणी अर्ज ठोकले. तीन लॉगिन फी, म्हणजे अर्जाचे पैसे, गेल्या, आणि सिबिलवर एकामागून एक चौकशा पडून स्कोअर खाली आला तो वेगळाच. मग भाची माझ्याकडे आली. मी म्हटलं, "रिपोर्ट बघितलास?" ती म्हणाली, "बँक देत नाही म्हणतात."

बँक सहसा कॉपी देत नाही, हे खरं. पण टेक्निकलची, म्हणजे घराच्या तपासणीची, फी तुम्ही भरलेली असते. तेव्हा ईमेल करून चार गोष्टी लेखी विचारायच्या: कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती धरला, दर काय धरला, इमारतीचं वय किती लिहिलं आणि कशाकशाची वजावट केली. यात गुपित काही नाही. आमच्या बाबतीत शाखेतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि फोटो दाखवायला सुरुवात केली. हॉल, बेडरूम, किचन. तिसऱ्या फोटोला भाची उभीच राहिली. "हा पडदा आमचा नाही!"

पडदा खरंच त्यांचा नव्हता. सिंकही उजवीकडे होतं, यांचं डावीकडे. घडलं ते असं. व्हॅल्युअरचा पोरगा दुपारी साडेबाराला आला, दोघं कामावर, नवऱ्याचा फोन शॉप फ्लोअरवर सायलेंट. वॉचमनने मदत म्हणून सांगितलं, "सगळे फ्लॅट सेमच आहेत साहेब," आणि बी विंगमधला ३०४ उघडून दिला. यांचा ३०४ ए विंगमध्ये. बी विंगमध्ये सगळे वन बीएचके. पोराने लेझर मीटर लावून ५६० चौरस फूट कार्पेट मोजला. यांच्या करारनाम्यात ७४२ होता. पण करारातलं आणि मोजलेलं यात जे कमी ते धरायचं, ही व्हॅल्युअरांची सवयच. ५६० गुणिले ६,९०० रुपये, विषय संपला.

दराबद्दल तक्रार करण्यासारखं काही नव्हतंच. त्याच ६,९०० रुपयांनी ७४२ चौरस फुटांचे ५१ लाख २० हजाराच्या जवळ होतात, त्याचे ८० टक्के म्हणजे जवळपास ४१ लाख. टॉप-अपसकट काम झालं असतं. ईमेल केला, पुन्हा भेट झाली, बारा दिवसांत आकडा सुधारला. मधल्या काळात खाली आलेला स्कोअर मात्र इतक्या लवकर सुधारला नाही.

म्हणून माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. व्हॅल्युअर येणार त्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसाने अर्धी सुट्टी टाकून घरी थांबायचं. सासूबाई, भाडेकरू, वॉचमन यांच्यावर सोडायचं नाही. दारावर पाटी हवी, विंगसकट. करारनाम्यातलं एरियाचं पान, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टीची पावती, सगळ्यांच्या झेरॉक्स एका फोल्डरमध्ये घालून त्याच्या हातात द्यायच्या. तो नको म्हणाला तरी. आणि त्याच्यासोबत खोल्याखोल्यांतून फिरायचं. वीस मिनिटांचं काम असतं. त्या वीस मिनिटांवर पुढची पंधरा वर्षं अवलंबून, आणि लोक म्हणतात, "मीटिंग होती हो."

"आमच्याकडे सात हजाराचा भाव चाललाय"

कोण म्हणालं? शेजारी. शेजाऱ्याला कोण म्हणालं? एजंट. एजंट कसला भाव सांगतो? सेलेबलचा, म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी सगळं अंगावर घेतलेल्या एरियाचा, आणि तोही मागितलेला. मिळालेला भाव वेगळा असतो. बँक हिशेब करते कार्पेटवर, झालेल्या व्यवहारांवरून. या दोन भावांची तुलना म्हणजे किलोचा भाव लिटरला लावणं.

आकडा कमी वाटत असेल आणि एरिया बरोबर असेल, तर भांडायचं शस्त्र एकच, इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि मिळकत क्रमांक घालून झालेले दस्त बघता येतात. त्यात मोबदलाही असतो आणि सरकारी बाजारभावही. तुमच्याच इमारतीतले, नाहीतर त्याच रस्त्यावरचे, गेल्या सहा-आठ महिन्यांतले तीन व्यवहार काढा. प्रत्येकाचा कार्पेटला दर काढून एका कागदावर लिहा आणि पुनर्विचाराच्या अर्जाला जोडा. तीनच. मी एका गृहस्थाला अठरा जोडताना पाहिलं, त्यातले अकरा दुसऱ्याच गट नंबरच्या जमिनीवरचे. वाचणाऱ्याने फाईल मिटली.

म्हसरूळच्या फ्लॅटला कॉलेज रोडचा दस्त जोडू नका. हे सांगावं लागतं, यावर विश्वास बसणार नाही, पण लागतं.

एक कडू गोष्टही इथेच सांगतो. ज्यांनी घर घेताना करारात ३२ लाख लिहिले आणि उरलेले पिशवीतून दिले, त्यांनी आता "खरी किंमत ४५ होती" असं बँकेला सांगू नये. तुमच्याच दस्तावर तुमचीच सही आहे. तेव्हा स्टॅम्प ड्युटी वाचली, आता व्हॅल्युएशन पडलं. शेजाऱ्यांनीही तसंच केलं असेल, तर इंडेक्स टूसुद्धा तुमच्या बाजूने बोलणार नाहीत. अशा वेळी मी सरळ सांगतो, आहे त्याच बँकेत राहा.

नाशिकचे आपले खास अडथळे

कधी व्हॅल्युअर चुकलेलाच नसतो, घरातच खोट असते. आपल्याकडे कपाटांचा घोळ आठवतो ना? कपाटांची जागा एफएसआयमध्ये (मंजूर बांधकाम क्षेत्रात) धरायची की नाही, या वादात कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले महापालिकेत अडकून पडले होते. तुमची इमारत त्या काळातली असेल, तर दाखला मिळाला का हे अर्ज करण्यापूर्वी बघा. बंद करून हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी मंजूर नकाशात बाल्कनीच असते. तिचा दर हॉलचा धरत नाहीत.

गोदावरी किंवा नासर्डीच्या काठचं घर असेल, तर पूररेषेत येतं का ते आधीच पाहून ठेवा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. व्हॅल्युअर ते रिपोर्टात लिहिणारच, आणि २००८चा पूर पाहिलेला माणूस त्याला दोष देणार नाही. सिडकोतली घरं मुळात लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यावर दिलेली, तिथे कागद वेगळे लागतात. अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅट तुमच्या नावावर करणारा दस्त) राहून गेलं असेल, तर व्हॅल्युएशनच्या आधी लीगल, म्हणजे कागदांची कायदेशीर तपासणीच अडवेल.

टॉप-अपचा हव्यास

व्हॅल्युएशन कमी आलेल्या बहुतेक फायलींत नुसतं जुनं कर्ज आरामात बसत असतं. अडतो तो टॉप-अप. कशासाठी हवा म्हणून विचारलं तर गाडी. गाडी सोडा, फाईल सुटते.

तीस लाखांची पायरी न बघणं

समजा बाकी साडेएकतीस लाख आहे आणि व्हॅल्युएशन आलं ३६ लाख. ८० टक्के म्हणजे २८ लाख ८० हजार, कमी पडले २ लाख ७० हजार. लोक इथे हात टेकतात. पण कर्ज ३० लाखांच्या आत आलं की मर्यादा ९० टक्क्यांची होते, म्हणजे ३२ लाख ४० हजार. तेव्हा जुन्या कर्जात दीड लाख भरून बाकी ३० लाखांवर आणली की गाडं पुढे सरकतं. काही बँकांचं स्वतःचं धोरण याहून कडक असतं, म्हणून पैसे भरण्याआधी नव्या बँकेकडून हे लेखी घ्या. घाईघाईत मोडू नये अशी एफडी मोडून मग विचारायला येणारेही मी पाहिलेत.

"व्हॅल्युएशन मॅनेज करून देतो"

असं म्हणणाऱ्या एजंटला चहा पाजून वाटेला लावा. फुगवलेला आकडा पुढच्या तपासणीत उघडा पडला, तर निस्तरायला तो येत नाही. अर्जावर सही तुमची असते.

जुन्या बँकेला न विचारताच निघणं

बत्तीस लाखांच्या कर्जाला सोळा वर्षं उरली असतील आणि दर साडेआठवरून आठवर येत असेल, तर हप्त्यात महिन्याला हजारभर रुपये वाचतात. त्यातून प्रोसेसिंग फी, लीगल, टेक्निकल, गहाणखताची स्टॅम्प ड्युटी वजा करा. व्हॅल्युएशन अडलेलं असताना सगळ्यात स्वस्त उपाय पुष्कळदा जुन्याच शाखेत असतो. फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील ते सांगणारं पत्र) आणि कागदांची यादी मागा, आणि त्याच अर्जात स्प्रेड, म्हणजे मूळ दरावर लावलेला वाढीव टक्का, कमी करता का, म्हणून विचारा. दर बदलायची थोडीशी कन्व्हर्जन फी घेऊन करतात. तिथे नवं व्हॅल्युएशन सहसा लागत नाही. कस्टमर केअरला फोन करून उपयोग नाही, शाखेत जाऊन अर्जावर पोच घ्यायची.

भाचीचं कर्ज शेवटी नव्या बँकेत गेलं, टॉप-अप पाचाऐवजी तीनच घेतला. जुन्या कंपनीकडून मूळ कागद आणायला मी सोबत गेलो होतो. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे, कर्ज देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३पासून आहे. तो तिथल्या साहेबांना आठवून द्यावा लागला नाही. पण यादीशी ताडताना करारनाम्याचं एक पान कमी निघालं, मजल्याच्या नकाशाचं. भाची सही करायला निघाली होती. मी पेन काढून घेतलं. अर्ध्या तासाने ते पान दुसऱ्याच कुणाच्या फाईलमध्ये सापडलं. त्यावर ए विंग, ३०४ असं ठळक लिहिलेलं होतं.