पुराचा नकाशा रडारवरून: कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यासाठी

पुराच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं. युरोपच्या सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहांच्या नेहमीच्या, कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांत तेव्हा ढगांशिवाय काही दिसत नाही. कामाला येतं ते त्याच मालिकेतल्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार. सुमारे ५.६ सेंटिमीटरच्या लहरी ते तिरक्या सोडतं. संथ पाण्यावरून त्या पुढे निसटतात, उपग्रहाकडे फारसं काही परतत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. चित्रं फुकट मिळतात. पिक्सेलची बाजू १० मीटर आणि चित्राचा पट्टा २५० किलोमीटर रुंद असतो.

काळं ते बहुतेक पाणी असतं, पण काळं नाही ते कोरडं असं धरून चाललं की नकाशा घात करतो. शिरोळ, पलूस, करवीर या तालुक्यांत नदीकाठ म्हणजे ऊस. ऑगस्टमध्ये आडसाली (आदल्या जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला) ऊस डोक्यावर गेलेला असतो, लहरी पाचटात आणि पानांतच विखुरतात आणि खाली कमरेएवढं पाणी असलं तरी शेत उजळ राहतं. गावठाणातही तेच, तिथे लहरी भिंतींवर आपटून परत येतात. थोडक्यात, जिथे माणसं अडकतात तिथेच रडार अधू. म्हणून नकाशात पहिल्यापासून तीन वर्ग ठेवा: दिसलेलं पाणी, पाणी असण्याची शक्यता, आणि बहुधा कोरडं.

जूनच्या आत करून ठेवायचं

पूर आल्यावर गावांच्या सीमा शोधत बसायला वेळ नसतो. एका फोल्डरमध्ये हे तयार हवं: गावांच्या सीमा (जनगणनेच्या गाव-क्रमांकासह, कारण नावं जुळत नाहीत, एका तालुक्यात एकाच नावाची दोन गावं निघतात), ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले रस्ते आणि पूल, कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाचं ३० मीटरच्या पिक्सेलचं उंचीचं मॉडेल, वर्षातले दहाहून जास्त महिने पाणी असणाऱ्या जागांचा थर, आणि उसाखालच्या क्षेत्राचा थर. शेवटचा थर मे महिन्याच्या निरभ्र सेंटिनेल-२ चित्रांवरून काढता येतो. रब्बी निघून गेलेली असते, तेव्हा काठावर जे दाट हिरवं उरतं ते बहुतांशी ऊसच.

सगळं यूटीएम ४३ उत्तर या, मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपात ठेवा. अक्षांश-रेखांशांत क्षेत्रफळ मोजलं तर हेक्टर चुकतात. दहा मीटरच्या पिक्सेलमध्ये १०० पिक्सेल म्हणजे एक हेक्टर, एवढं लक्षात असलं की आकड्यातला घोळ लगेच पकडता येतो.

चित्रांची जोडी

पुराचं चित्र आणि पुराआधीचं चित्र एकाच सापेक्ष कक्षेतलं (म्हणजे उपग्रहाच्या त्याच वाटेवरचं) आणि एकाच दिशेच्या फेरीतलं असलं पाहिजे. कोन बदलला की डोंगराची सावली जागा बदलते आणि वजाबाकीत ती पूर म्हणून उगवते. आधीचं चित्र जूनअखेरचं घ्या. एकाऐवजी तीन-चार चित्रांचा मध्यक (मधली किंमत) घेतला तर रडारचा दाणेदारपणाही कमी होतो. मे महिन्याचं चित्र मात्र टाळा. तेव्हा माती कोरडी असते, पिकं वेगळी असतात आणि पूर नसतानाही फरक दिसतो.

एक उपग्रह त्याच कक्षेत १२ दिवसांनी परत येतो. कृष्णेचा पूर शिरोळकडे आठवडाभर साचून राहतो, त्यामुळे तो पकडण्याची संधी असते. चिपळूणसारख्या ठिकाणी, जिथे वाशिष्ठी काही तासांत चढते आणि उतरते, तिथे याच पद्धतीवर भरवसा ठेवू नये.

प्रक्रिया

स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्रम असा: हवा तेवढा भाग कापणे, कक्षेची फाइल (उपग्रह नेमका कुठे होता त्याची नोंद) लावणे, उपकरणाचा औष्णिक गोंगाट काढणे, कॅलिब्रेशन करून सिग्मा-नॉट (जमिनीवरून परतलेल्या लहरींचं प्रमाण) मिळवणे, दाणे कमी करणारी ७ गुणिले ७ ची रिफाइंड ली चाळणी, भूरचनेनुसार दुरुस्ती, शेवटी डेसिबलमध्ये रूपांतर. आधी भाग कापला नाही तर १६ जीबी मेमरीचा संगणकही धापा टाकतो. कक्षेच्या पायरीवर काम अडतं ते बहुधा एकाच कारणाने. अचूक कक्षेची फाइल चित्रानंतर सुमारे तीन आठवड्यांनी येते, म्हणून ताज्या चित्रासाठी ‘फाइल नसली तरी पुढे जा’ हा पर्याय निवडावा लागतो. पुराच्या नकाशाला एवढी अचूकता पुरते.

गूगलचं अर्थ इंजिन हे ऑनलाइन साधन वापरलंत तर यातल्या बहुतेक पायऱ्या आधीच झालेल्या असतात; दाणे मात्र तुम्हालाच काढावे लागतात. तिथे चित्र यायला कोपर्निकसच्या संकेतस्थळापेक्षा उशीर लागू शकतो, म्हणून घाईच्या दिवशी दोन्हीकडे बघा.

आता उंबरठा, म्हणजे ज्या आकड्याखालचा पिक्सेल पाणी धरायचा तो. व्हीव्ही ध्रुवीकरणात (उभी लहर सोडून उभीच मोजली तर) पाणी साधारण उणे १५ ते उणे १७ डेसिबलच्या खाली आणि व्हीएचमध्ये (उभी सोडून आडवी मोजली तर) उणे २२ ते उणे २४ च्या खाली मिळतं. हे सुरुवातीचे आकडे. प्रत्येक चित्राचा उंबरठा ओत्सू पद्धतीने नव्याने काढा; ती चित्राच्या आकड्यांवरूनच दोन गटांमधली सीमा शोधते. ओत्सूला पिक्सेलच्या आकड्यांच्या आलेखात दोन उंचवटे लागतात, एक पाण्याचा आणि एक जमिनीचा. पूर्ण पट्ट्यावर चालवलं तर पाण्याचा वाटा इतका कमी पडतो की उंबरठा भलतीकडे जातो. नदीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोमीटरची पट्टी कापून तेवढ्यातच चालवा.

उंबरठ्याच्या जोडीला फरकाची अट हवी: आधीच्या चित्रापेक्षा किमान ३ डेसिबलची घट. काही तयार पद्धतींत दोन चित्रांचा भागाकार करतात. डेसिबलच्या ऋण आकड्यांचा भागाकार आम्हाला पटत नाही, वजाबाकी सरळ आणि समजायला सोपी.

मग गाळणी. कायमचं पाणी काढा. ५ टक्क्यांहून जास्त उताराची जमीन काढा. काही साधनं उतार अंशांत देतात आणि ५ टक्के म्हणजे जेमतेम ३ अंश, हे विसरलं की डोंगरउतारांवर पूर उरतो. आठहून कमी जोडलेल्या पिक्सेलचे ठिपके पुसा. राधानगरी, गगनबावड्याकडे रोपलावणीची चिखलणी केलेली भातखाचरं हुबेहूब पुरासारखी दिसतात. नदीशी न जोडलेलं पाणी तिकडे वेगळं काढा. उलट बाजूने, वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या की पाणी उजळतं आणि मोठ्या पसाऱ्यात भोकं पडतात. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली भोकं हाताने तपासून भरा.

उसातलं आणि गावातलं पाणी

इथे खरी मेहनत आहे. दिसलेल्या पाण्याची कड जमिनीवर कुठे टेकते ते पाहा. कड बांधाच्या रेषेत सरळ गेली असेल तर ती पाण्याची कड नाही, उसाची आहे. पाणी आत शिरलेलं आहे. सोयाबीन, भुईमूग किंवा पडीक जमिनीवरून वाकडीतिकडी जाणारी कड तेवढी खरी धरा. नदीच्या दर दोन किलोमीटरला अशा खऱ्या कडांची उंची घेऊन मध्यक काढा, त्यांच्यातून पाण्याच्या पातळीचा पृष्ठभाग ओढा आणि त्यातून जमिनीची उंची वजा करा. उत्तर धन आलं आणि तो भाग नदीशी जोडलेला असेल तर तो दुसऱ्या वर्गात.

हे उंचीचं मॉडेल पिकाचा, झाडांचा आणि छपरांचा माथा मोजतं. जमीन इतकी सपाट आहे की एका मीटरच्या चुकीने कड शेकडो मीटर सरकते. म्हणून हा वर्ग रेघोट्यांनी भरा, त्याला ठळक सीमा देऊ नका आणि पाण्याची खोली तर छापूच नका.

पडताळणीला सांगलीचा आयर्विन पूल आणि कोल्हापूरचा राजाराम बंधारा इथल्या पाणीपातळीचे आकडे आहेत. सांगलीत धोक्याची पातळी ४५ फूट, कोल्हापुरात ४३. २०१९ मध्ये ही पाणीपातळी अनुक्रमे ५७ आणि ५५ फुटांवर गेली होती. हे फूट स्थानिक शून्यापासूनचे असतात. शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची पाटबंधारे खात्याकडून घेतल्याशिवाय ते मॉडेलच्या उंचीत मिसळू नका.

मदत पथकाच्या हातात

चित्राची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. साडेपाच तास मिळवा. नकाशाच्या माथ्यावर वेळेबरोबर त्याच क्षणाची आयर्विन पुलाची पातळी लिहा. पथक निघताना पाणी त्याहून दोन फूट चढलं असेल, तर नकाशा कमी दाखवतो आहे हे त्यांना न विचारता कळतं.

ए-३ कागदावर काळ्या-पांढऱ्यातही वाचता येईल असा नकाशा आणि सोबत एक पानी यादी द्या: गाव, दिसलेलं पाणी हेक्टरमध्ये, शक्यतेतलं क्षेत्र, गावाला जाणारे कोणते रस्ते पाण्यात आहेत. यादीच जास्त वापरली जाते. रस्ता पाण्याला छेदतो म्हणजे बंद असं लगेच लिहू नका; पूल आणि भराव पाण्याच्या वर असू शकतात, तलाठ्याला फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून जाणारी पीडीएफ २ एमबीच्या आत ठेवा आणि फाइलच्या नावात तारीख-वेळ घाला, नाहीतर परवाचा नकाशा आज फिरत राहतो.

पाणी ओसरून आभाळ उघडलं की सेंटिनेल-२ ची चित्रं घ्या. बुडून राहिलेला ऊस पिवळा पडतो किंवा गाळाने माखलेला दिसतो. तो भाग तुमच्या दुसऱ्या वर्गावर ठेवून बघा आणि पाण्याचा पृष्ठभाग कुठे जास्त, कुठे कमी ओढला गेला ते त्या-त्या पट्ट्यासाठी नोंदवून ठेवा. पुढच्या पुराच्या नकाशात पातळीची दुरुस्ती त्यावरूनच करायची आहे.